भरला पियाला

सानोबर म्हातारीने आठ वर्षं एकच गोष्ट मनात धरून ठेवली होती. समरकंदला थोरल्या बहिणीच्या घरी आपल्यासमोर आलेला, काठोकाठ भरलेला चहाचा पियाला.

त्या मुलुखात चहा कधी भरून देत नाहीत. पाहुणा जितका लाडका, तितका चहा थोडा. तो संपावा, पुन्हा ओतावा आणि त्या निमित्ताने माणसाने बसून राहावं. भरलेला पियाला म्हणजे, प्या आणि चालू लागा. थोरलीच्या लेकीच्या लग्नातल्या मानपानावरून दोघी बहिणींची जुंपली, शब्दाने शब्द वाढला, आणि थोरल्या मस्तुराने एक अक्षर न बोलता धाकटीचा पियाला भरला. सानोबर त्याला न शिवता उठली, ती थेट पंजकेंतला आपल्या घरी येऊन थांबली. त्याला महिनाही झाला नसेल, पंजकेंतकडच्या ताजिक आणि समरकंदकडच्या उझबेक सरकारांचं बिनसलं आणि सीमेवरचा नाका बंद झाला.

पंजकेंतहून समरकंद ते केवढं! सकाळची नमाज आटोपून निघावं आणि न्याहारीला पोचावं. पण आता जायचं तर उत्तरेच्या दोन खिंडी ओलांडून वळसा, आणि म्हातारीचे गुडघे अंगणही जेमतेम ओलांडायचे. कोणी म्हणालं, फोन करा, तर ती म्हणे, "फोनवर पियाला उचलता येतो का?"

तिची लेक मेहरंगेज ताजिक सरकारच्या व्यापार खात्यात मोठ्या हुद्द्यावर होती. नाका मालासाठी आणि माणसांसाठी पुन्हा उघडायचा, म्हणून त्या शरद ऋतूत बोलणी ठरली आणि तिच्याकडेच नेतृत्व आलं. निघायच्या सकाळी ती बूट घालत असताना आई दारात येऊन बसली.

"तुमच्या त्या करारात म्हातारीसाठी एक ओळ घाल."

"आई, करारात जर्दाळू असतात. म्हाताऱ्या नसतात."

"मग पेटीत भरून पाठव मला. वाळलेली तर आहेच."

मेहरंगेज हसली, पण गाडीत बसल्यावर ते हसू टिकलं नाही. तिला भीती वाटत होती ती समोरच्यांची नाही, स्वतःची. आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि आपण बागायतदारांचं नुकसान करून सही ठोकली तर? खोऱ्यातल्या बायका उन्हाळाभर बागांत जर्दाळू उतरवतात, उरलेले छपरांवर वाकून वाळवतात. त्यांच्या कष्टांवर आपल्या घरचं दुःख फेडायचं, हे अल्लाला रुचणारं नव्हतं. वाटभर ती ओठांतल्या ओठांत एकच मागत राहिली, माझी इच्छा आणि माझं काम एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

नाक्यापलीकडच्या इमारतीत उझबेक बाजूने इस्मत अका बसले होते; अका म्हणजे दादा. रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशांचे, समरकंदचे गृहस्थ. गंमत अशी, की समरकंदच्या अर्ध्या घरांत बोलतात ती बोली पंजकेंतचीच. इस्मत अका घरी मेहरंगेजसारखंच बोलत असणार. पण रीत म्हणजे रीत. ते उझबेकीत बोलत, ही ताजिकीत, आणि मध्ये दुभाषा हलीम घाम पुसत बसे.

अडलं होतं एकाच गोष्टीवर. ताजं फळ घेऊन येणाऱ्या गाड्या कीड तपासायला नाक्यावर थांबवायच्या, असं त्यांचं म्हणणं. उन्हात गाडी थांबली की फळ गेलंच, हे हिचं. त्यांना वरून हुकूम होता, तपासणी सोडायची नाही. हिला हुकूम होता, त्याच दिवशी गाडी सुटणार नसेल तर सही करायची नाही. सकाळपासून दोघंही एकाच दगडावर डोकं आपटत होती. दुपारी इस्मत अकांनी किटली मागवली. यजमान या नात्याने ओतणं त्यांच्याकडेच होतं. पहिला चहा त्यांनी रीतीप्रमाणे तीनदा पियाल्यात घेऊन परत किटलीत टाकला आणि मुरू दिला.

तेवढ्यात मेहरंगेज बोलून गेली, "आमचं फळ तुमच्या दारात कुजावं, हीच तुमची इच्छा दिसते."

हलीमने ते मऊ करून सांगायला तोंड उघडलं, पण इस्मत अकांना मऊ करून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मिशा थरथरल्या. किटली हातात होतीच. ते ओतू लागले आणि ओततच राहिले. पियाला अर्धा झाला, पाऊण झाला, काठाला टेकला. एक थेंब बशीत सांडला.

हलीमचा रुमाल कपाळावरच थांबला.

मेहरंगेजशेजारी बसलेल्या दावलत वकिलांनी खुर्ची मागे सरकवली. "चला आपा, निरोपाचा चहा आला. एवढं स्पष्ट तर दुभाषाही सांगत नाही."

ती उठली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. उलट राजधानी दुशान्बेत पाठ थोपटली असती, बाईने अपमान गिळला नाही म्हणून. नाका बंद राहिला असता, आणि बोटही दुसऱ्याकडेच दाखवता आलं असतं. तिचा हात पिशवीकडे गेलासुद्धा. मग नजर इस्मत अकांकडे गेली. ते भरलेल्या पियाल्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणी भरलाय. हे हाताने झालं की मनाने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मस्तुरा मावशीही त्या दिवशी अशीच बघत राहिली असेल का? आईने मान वर केलीच नव्हती. ती थेट दाराकडे गेली होती.

मेहरंगेजने पिशवी सोडली. पुटपुटत बिस्मिल्ला म्हटलं, दोन्ही हातांनी पियाला उचलला, आणि इस्मत अकांच्या रिकाम्या पियाल्यात त्यातला अर्धा चहा ओतला. त्यांचा अर्धा, हिचा अर्धा. दोन्हीकडे मान.

"अका," ती म्हणाली, आणि आता दुभाष्यासाठी थांबली नाही, "एवढा चहा मला एकटीला कसा जायचा? घ्या."

इस्मत अकांनी पियाला उचलला. घोट घेतला. मग घरच्या बोलीत म्हणाले, "बहिणाबाई, आमच्या आईने हे पाहिलं असतं ना, तर किटली माझ्या डोक्यात घातली असती."

"अल्ला त्यांना जन्नत देवो. किटली शाबूत राहिली हेच बरं."

पलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. दावलत वकिलांनी खुर्ची हळूच पुढे ओढली.

"माझ्या तोंडूनही नको ते गेलं," मेहरंगेज म्हणाली. "कुजावं असं कुणाला वाटेल? पण अका, सही मी तरीही करणार नाही. गाडी उन्हात उभी राहिली, तर मी परत जाऊन त्या बायकांना तोंड दाखवू शकत नाही."

"आणि कीड आली तर मी माझ्या लोकांना दाखवू शकत नाही." त्यांनी पियाला खाली ठेवला. "गाडी दारात अडवायचीच कशाला? आमचा माणूस तुमच्या बागेत येऊन बघेल. पेट्या भरताना तपासेल, शिक्का मारेल. मग इथे शिक्का बघायचा नि नाक्याचा दांडा उचलायचा."

"आमच्या बागेत आला, तर जेवल्याशिवाय सुटणार नाही हो."

"मग मीच येतो तपासायला," हलीम बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दोन्ही राजधान्यांना विचारणं झालं, होकार येईपर्यंत हिवाळा लागला. कराराच्या मसुद्यात चहाचा उल्लेख अर्थातच नव्हता. मेहरंगेजनेही घरी काही सांगितलं नाही. आईला एवढंच म्हणाली, "वसंतात नाका उघडतोय."

म्हातारीने विचारलं, "फळवाल्यांचं काय?"

"त्यांचं फळ उन्हात राहणार नाही."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

वसंतात नाका उघडला. रांगेत सानोबरसारख्या किती तरी म्हाताऱ्या होत्या, गाठोड्यांत नान आणि खडीसाखर बांधून. गाडीत मेहरंगेजशेजारी आई वाटभर नुसती तसबीहचे मणी ओढत होती.

मस्तुरा मावशी तुतीच्या झाडाखाली लाकडी बैठकीवर बसून होती. पहाटेपासून तिथेच आहे, असं सुनेने सांगितलं. दोघी बहिणी गळ्यात पडल्या, बराच वेळ तशाच राहिल्या. दस्तरखानाचं कापड अंथरलं होतं. मावशीने चहा तीनदा परतवला, मग धाकटीच्या पियाल्यात ओतला. इतका थोडा, की जेमतेम तळ ओला व्हावा.

आईने आत डोकावून पाहिलं. "आपा, यात माशीसुद्धा बुडायची नाही."

"न बुडू दे. तुला घाई आहे का कुठे जायची?"

"नाका संध्याकाळी बंद होतो म्हणतात."

"होऊ दे की. उद्या उघडतो ना?" मावशीने भाचीकडे पाहिलं. "काय गं मेहरंगेज? उद्या उघडतो ना?"

"उघडतो, मावशी."

आईने पियाला दोन्ही हातांत धरून तेवढाच चहा सावकाश संपवला आणि पियाला पुढे केला. मावशीने पुन्हा घोटभर ओतला. आईने पुन्हा पुढे केला. बाहेर गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला. मेहरंगेज उठली आणि त्याला आत चहाला बोलवायला गेली.