पिंगळ्यांचे पान

एका पत्राला सात महिने उत्तर गेले नाही. ते पत्र माझ्याच पानांत दाबून ठेवले होते, म्हणून मला त्याचा शब्द न् शब्द ठाऊक आहे. उत्तर द्यायचे होते माझ्या मालकांनी, यज्ञेश्वरगुरुजींनी. रोज सकाळी ते मला उघडत, आणि पत्राची कड दिसली की घाईने पान उलटत. पण त्यांना बोल लावण्याआधी माझेही सांगायला हवे. जे घडले त्यात मीही होते.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. तुमच्या शाळेच्या वह्यांसारखी नाही. हातभर लांब, वीतभर रुंद, लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेली. उज्जैनच्या रामघाटावर गुरुजींच्या आजोबांनी जाड कागद आणून, दोऱ्याने शिवून मला घडवले. यात्रेकरू आले की ते माझ्यात त्यांच्या घराण्याची नावे लिहीत. कोण जन्मले, कोण वारले, कोण कोणाला घेऊन आले. मी काही शहाणी नाही. मला सांगितले ते मी धरून ठेवले, एवढेच माझे काम.

आजोबांचा एक नियम होता. आलेल्याने गाव, आडनाव आणि घरातल्या दोन जुन्या माणसांची नावे सांगायची. ती जुळली तरच पान उघडायचे, आणि फक्त त्याचेच. समोरच्या पानावर दुसरे घराणे असेल तर आजोबा त्यावर चक्क आपला पंचा टाकत. लोक हसत. आजोबा पंचा काढत नसत.

देश स्वतंत्र झाल्यावर दोन वर्षांनी माधव नगरातले विष्णुपंत पिंगळे आपल्या मुलीला, सुनंदाला, घेऊन घाटावर आले. विष्णुपंतांची पत्नी वारली होती. तिने स्वतःच आपला जीव दिला होता. असे मरण असेल तर सिद्धवट या पवित्र वडापाशी वेगळा विधी करतात, आणि तो करायचा तर गुरुजींना खरे सांगावे लागते. विष्णुपंतांच्या तोंडून शब्द फुटेना. मग सुनंदाने सांगितले. आईला काय आजार होता, किती वर्षे होता, शेवटी काय झाले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. गुरुजींनी मान खाली घालून सगळे लिहून घेतले. शाई वाळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

पुढे सुनंदा मुलींच्या एका शाळेत शिकवू लागली. विष्णुपंत अंथरुणाला खिळले आणि घर तिच्या नोकरीवर चालू लागले. मग मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला. शाळाशाळांत नव्या याद्या होऊ लागल्या, कोणाला कायम करायचे, कोणाला नाही. त्याच हिवाळ्यात भय्यासाहेब घाटावर आले. ते मोठे वकील, सुनंदाच्या शाळेच्या कमिटीत होते, आणि त्यांची पुतणी नोकरी शोधत होती. हे शेवटचे आम्हाला नंतर कळले.

त्यांनी आधी आपल्याच घराण्याचे पान काढायला लावले.

"वा, गुरुजी, काय अक्षर आहे," ते म्हणाले. "म्युझियममध्ये ठेवायची चीज आहे ही."

गुरुजी लाजले. त्यांचे आयुष्य पोथ्यांत गेलेले, शिकलेल्या माणसाने कौतुक केले की त्यांना काय करावे कळत नसे. आणि खरे सांगते, मलाही बरे वाटले. इतक्या वर्षांत मला कोणी सुंदर म्हटले नव्हते.

"पिंगळ्यांचं पण तुमच्याकडेच आहे ना? जरा बघू द्या. मुलगी आमच्याच स्कूलमध्ये आहे. घरचीच समजा."

गुरुजींचा हात थबकला. पण नाही म्हणायला जो कणखर आवाज लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पान उघडले. पंचा त्यांच्या खांद्यावरच राहिला. भय्यासाहेबांनी दोनदा वाचले, खिशातून डायरी काढून काही लिहिले, आणि नारळ ठेवून गेले.

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या पत्नी, अनसूयाबाई, फ्रीगंजमधून भाजी घेऊन आल्या आणि पिशवी खाली न ठेवताच बोलू लागल्या.

"अहो, सुनंदाला कमिटीनं काढून टाकलं. म्हणे आईचं दिमाग फिरलेलं होतं, ते पोरीतही येणार, तिच्या हाती मुली कशा द्यायच्या. इतकी जुनी गोष्ट यांना सांगितली कोणी?"

गुरुजींनी मला मिटून फडक्यात गुंडाळले.

मग ते पत्र आले.

"श्री. यज्ञेश्वरगुरुजी यांस, सा. न. वि. वि. खरे सांगितले नाही तर विधी पोचत नाही असे आपण म्हणालात, म्हणून मी आईचे सगळे सांगितले. ते मी आईसाठी सांगितले होते. ते पान आपण कोणाला आणि केव्हा दाखवले, एवढे लिहून कळवावे. मी शिक्षण खात्याकडे अर्ज केला आहे. ही माहिती कमिटीकडे कशी आली, हे तिथे दाखवावे लागेल. बाबांना यातले काही माहीत नाही. सुनंदा पिंगळे."

सात महिने. एकदा यात्रेकरूंची गर्दी होती, एकदा डोळे आले होते, एकदा शाई घट्ट झाली होती. अनसूयाबाई म्हणायच्या, "उत्तर लिहायला पण मुहूर्त काढताय का?" गुरुजी टाक उचलत, "आपले पत्र पावले" इथवर लिहीत आणि कागद फाडत. भय्यासाहेबांचे नाव लिहायची त्यांना भीती होती, आणि स्वतःचे लिहायची लाज.

श्रावणात भय्यासाहेब पुन्हा आले. या वेळी त्यांना दुसऱ्या एका शिक्षिकेच्या घराण्याचे पान हवे होते.

गुरुजींनी मला मांडीवर घेतले, पण उघडले नाही. "त्या बाईंची चिठ्ठी आणा," ते म्हणाले. आवाज कापत होता. "मग दाखवतो."

"चिठ्ठी? मागे तर सरळ दाखवलं होतं तुम्ही."

"ते चुकलं माझं."

"गुरुजी, तीस वर्षं वकिली करतोय मी. वही दाखवू नये, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय, सांगा तर."

"कायद्यात नसेल. पण ही वही उघडणार नाही."

भय्यासाहेब हसले. "भटजींना पण आता कानून सुचायला लागला," असे म्हणून ते पायऱ्या चढून गेले.

मित्रांनो, ते हसणे आठवले की माझा संताप होतो. शेताच्या बांधाला कायदा आहे, घराच्या भिंतीला आहे. राज्यांच्या सीमासुद्धा नव्याने आखून झाल्या. पण एका मुलीने आईसाठी रडत सांगितलेली गोष्ट कोणी डायरीत टिपून नेली, तर त्याला चोरी म्हणणारा कायदा नाही. पान माझे आहे, अक्षर गुरुजींचे आहे, पण त्या पानावरचे दुःख सुनंदाचे आहे. ते कोणाला दाखवायचे हे तिने ठरवायचे. तुमच्यापैकी कोणी उद्या कारकून होईल, कोणी डॉक्टर, कोणी मास्तर. लोक तुमच्यापुढे बसून आपले सांगतील. ज्या कामासाठी सांगितले त्याच कामाला ते वापरा. आणि कोणी तुमच्या अक्षराचे कौतुक करत आला, तर आधी वही मिटा.

त्याच दुपारी गुरुजींनी एका बैठकीत पत्र लिहिले. भय्यासाहेबांचे नाव, तिथी, वार, आणि खाली "यजमानांच्या परवानगीवाचून मी हे पान दाखवले, हा अपराध माझा" असे लिहून सही केली. मग त्यांनी चाकू घेतला. पिंगळ्यांच्या पानाच्या पाठीवर दुसरे घराणे होते, ते आधी नव्या कागदावर उतरवून काढले. नंतर शिवणीजवळून पान कापले. मला दुखले. इतक्या वर्षांत माझे एकही पान गेले नव्हते.

ते पत्र आणि पान पाकिटात घालून, मला पिशवीत घेऊन, गुरुजी फ्रीगंजच्या पोस्टात गेले. रजिस्ट्रीच्या खिडकीवरच्या बाबूने पाकीट हातावर तोलले.

"काफी भारी है, गुरुजी. क्या रखा है अंदर?"

"जिसका है, उसको मालूम है," गुरुजी म्हणाले.

बाबूने त्यांच्याकडे जरा बघितले, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकले.