घणाला घाबरणारा कारखाना

"मॅडम, तुमचा कारखाना आमच्या बाबांच्या घणाला घाबरतो, हे खरं आहे का?"

प्रश्न माइकवरून सभागृहभर घुमला आणि मागच्या रांगेत लांबी आणि चष्मिश या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसायला लागल्या. पैज त्यांनीच लावली होती. "हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार," लांबी म्हणाली होती. जिला अख्खी शाळा तोफ म्हणते तिला असं सांगणं म्हणजे वात पेटवून देणंच! गेल्या वर्षीपर्यंत हीच तोफ वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. वक्तृत्वाचा एक चषक काय मिळाला, आता माइक दिसला की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे.

प्रश्न काही हवेतून आलेला नव्हता. कारखान्यासाठी ठरलेल्या माळावर सरकारी माणसांनी एक पेटी जमिनीत पुरली होती. तिथला राखणदार मुलींना म्हणाला होता, ही जमिनीची थरथर मोजते, आणि तुमच्या लोहारभट्टीतला विजेवर चालणारा घण पडला की हिच्यातली रेघ वेड लागल्यासारखी नाचते.

व्यासपीठावर तिघं होती. नगराध्यक्षबाई, अनुदानाचे साहेब आणि कंपनीची इंजिनीअर. लहान गावांनाही मोठे उद्योग मिळावेत म्हणून सरकारनं अनुदान काढलं होतं. रस्ता, पाणी, वीज सगळं सरकार देणार आणि चिप बनवणारी कंपनी शहर सोडून इथे येणार. एवढं शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

इंजिनीअर हसली नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "आम्ही केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक रेघा ओढतो. जमीन जराशी हलली की सगळा माल वाया. भट्टी माळाला फार जवळ आहे. एक तर घण, नाहीतर आम्ही. हे आम्ही पहिल्याच बैठकीत नगरपालिकेला सांगितलं होतं."

सगळी डोकी नगराध्यक्षबाईंकडे वळली. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"योग्य वेळी सांगणारच होतो..."

"आणि घण नाही थांबला तर?" कुणीतरी ओरडलं.

"अनुदान दुसऱ्या गावाला जाईल," साहेब म्हणाले.

पहिल्या रांगेतून बाबा उठले. उठले म्हणजे काय, भिंत उभी राहावी तसे उठले. "माझ्या घणावर अख्खी गल्ली जेवते!"

"तुमची गल्ली जेवते, मग आम्ही काय हवा खायची, काका?" हा लांबीचा भाऊ, वेल्डर. वेल्डिंगचा कोर्स करून रिकामा बसलेला, बोलायला मात्र एक नंबर.

"तू कोण रे मला विचारणारा, टिनपाट?"

"बाबा, तो बरोबर बोलतोय."

हे मात्र तोफेचा दादा बोलला. स्वतःच्या बापाविरुद्ध, भर सभेत. बाबा दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचले आणि त्यांनी अशी थोबाडीत दिली की माइकमधून तिचा आवाज सगळीकडे फुटला.

पुढचं सगळं एकदमच झालं. वेल्डरनं बाबांची कॉलर धरली. भट्टीतल्या एका कामगारानं खुर्ची उचलून वेल्डरच्या पाठीत घातली. ती मोडली, तर त्यानं दुसरी घेतली. माइकचा दांडा कुणाच्या तरी तोंडावर बसला आणि फरशीवर दात पडले. खरेखुरे दात, तेही मुळासकट. साहेबांना कुणीतरी टेबलाखाली ढकललं. चष्मिशचा चष्मा पायांखाली चुरला गेला आणि ती "आई गं, आई गं" करत भिंतीला चिकटली. आणि मग तो आवाज उठला.

"घण फोडा! घण फोडा रे!"

तोफ मागच्या दारानं सुटली. बोळातून, कुंपणावरून, गुडघा सोलपटून घेत ती भट्टीत पोचली, तर बाबा स्कूटरवरून तिच्याआधीच हजर. घण चालूच होता. तो पडला की पायांखालची जमीन दातांपर्यंत पोचायची. भट्टीतली माणसं दोन घावांच्या मधल्या फटीतच बोलायची, तशी सवयच होती त्यांना.

"घरी जा!" धाड. "आत्ता!" धाड. बाबांनी पकडीनं भट्टीतून एक सळई ओढली. टोक लालभडक. "पुढे येईल" धाड "त्याला डागीन!"

जमाव पत्र्याचं दार उखडूनच आत आला. समोर वेल्डर, त्याच्या मागोमाग दादा, दोघांच्या हातांत पहारी. कामगार फावडी घेऊन तुटून पडले. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचं बोट ऐरणीवर ठेचलं. ज्याच्या त्याच्या अंगावर रक्त, कुणाचं ते ओळखणं मुश्कील. कुणीतरी गार पाण्याचं पिंप निखाऱ्यांवर उलटं केलं आणि वाफेनं शेड भरून गेली. तोफ उघड्या खिडकीजवळच्या कोळशाच्या ढिगावर चढून बसली होती म्हणून, नाहीतर तिलाही काही दिसलं नसतं.

वेल्डरनं मुख्य बटण खाली ओढलं. घण अर्ध्यावर थांबला. आणि बाबांनी, आयुष्यभर त्या घणाच्या तालावर जगलेल्या बाबांनी, त्या शांततेत वेल्डरवर सळई उगारली.

"बाबा, नको!" दादा मधे आला.

सळई त्याच्या उजव्या मनगटावर पडली आणि तिथेच चिकटली. चर्र झालं. तो वास आला. दादा ओरडला नाही, नुसता बसला, मांडी घालून, जेवायला बसावं तसा.

वाफ विरली तेव्हा पोलीस दारात होते आणि सळई जमिनीवर.

"यानं मारलं," बाबांनी वेल्डरकडे बोट केलं. "माझ्या पोराला यानं डागलं!"

"खोटं! काका, खोटं कशाला..." वेल्डरचं वाक्य काठीनं तोडलं. मग पाठीवर, मग नडग्यांवर. त्याचे केस धरून त्याला गाडीपर्यंत फरफटत नेलं. तोफेनं तोंड उघडलं आणि आतून काही म्हणजे काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण मूठ वळणार नाही. दादा भिंतीकडे तोंड करून पोलिसांना म्हणाला, "मला काही दिसलं नाही." घरी परतल्या परतल्या दारात लांबी उभी. रात्रभर रडलेली.

"तू होतीस तिथे. त्याला कोठडीतपण मारतायत गं. खून करायला आला होता, असा गुन्हा लावणारेत. काय पाहिलंस तू?"

"लांबी, मी..."

"राहू दे. तोफ म्हणे!" ती पायऱ्या उतरून गेली.

स्वयंपाकघरात आई बाबांचा शर्ट घासत होती. रक्ताचं पाणी मोरीतून चाललं होतं. बाबा चहाचा कप पुढ्यात घेऊन बसले होते, वर साय धरेपर्यंत.

"लांबीला काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"शहाणी आहेस. तो पोरगा सुटेल दोन-चार वर्षांनी. मी गेलो तर गल्ली उपाशी मरेल."

"घरातलं घरात राहू दे बाळा," आई शर्टावरून नजर न काढता म्हणाली. "दादानंसुद्धा गिळलंच ना."

"आणि सुरुवात कुणी केली?" बाबांचा आवाज चढला. "तो आगाऊ प्रश्न कुणी विचारला? तू गप्प बसली असतीस तर आज त्याचा हात धड असता!"

हे मात्र तोफेला असं लागलं की तिनं ओट्याचा आधार घेतला. रात्रभर तिनं स्वतःला हेच तर सुनावलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला त्यातली खोट दिसली, लख्ख दिसली.

"प्रश्न मी विचारला, बाबा. सळई नाही उगारली."

"जीभ आवर!" बाबा उठले. हात वर गेला. आई मधे आली नाही, पण घासायची थांबली.

तोफ हलली नाही. हात तसाच वर राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

तिनं दाराशी जाऊन चपला घातल्या.

"मी ठाण्यात चाललेय. सळई तुमच्या हातात होती, वेल्डरच्या नव्हती, हे मी लिहून देणार आहे आणि कोर्टातही सांगणार आहे. आई, तू सोबत येतेस की मी एकटी जाऊ?"