पहिल्या 'नको'चं काय करायचं

अमेरिकेतल्या रेडमंडच्या लायब्ररीत मंगळवारी इंग्रजीचा फुकट वर्ग भरे. त्यातली सर्वांत हुशार विद्यार्थिनी शैलजा होती, असं निदान शैलजाचं तरी मत होतं. परवानगी मागायची तर 'मे', विनंती करायची तर 'कुड', काही देऊ करायचं तर 'वुड यू लाइक' आणि नुसत्या अंदाजावरून ठाम बोलायचं तर 'मस्ट'. बाईंनी विचारायचा अवकाश, की हिचा हात वर. शेवटचा प्रकार तर तिला शिकवायची गरजच नव्हती. अंदाजावरून ठाम बोलण्यात तिची उभी हयात गेली होती.

आणि अशा या विदुषीनं एका शनिवारी हातचं शिलाई मशीन घालवलं.

शेजारची डोरोथी, वय पंचाहत्तर, घर विकून मुलाकडे ॲरिझोनाला निघाली होती. कुंपणापाशी येऊन तिनं विचारलं, "शैला, वुड यू लाइक माय सोइंग मशीन?"

शैलजाच्या मनात लाडू फुटले. नागपूरला तिचं स्वतःचं मशीन होतं. जुने ब्लाउज उसवून उसवून ती आपली आपण शिवायला शिकली आणि मग अर्ध्या कॉलनीचे ब्लाउज तिनं शिवले. इकडे येताना मशीन नणंदेला देऊन टाकलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नाही, त्यामुळे दोन हजार एकपासून, म्हणजे गेली चार वर्षं, हात नुसते रिकामे. एवढं सगळं मनात असल्यामुळे ती तत्परतेनं म्हणाली, "नो, नो! व्हाय? यू कीप!"

"आर यू शुअर?"

"नो नीड, नो नीड!"

आता तिसऱ्यांदा आग्रह होणार, मग आपण मान वेळावून 'बरं बाई, तुझं मन कसं मोडू' म्हणायचं, असा पुढचा सगळा बेत तयार होता. डोरोथी म्हणाली, "ओके," आणि गुलाबांना पाणी घालायला निघून गेली.

"नुसतं ओके?" संध्याकाळी शैलजा दिगंबरवर घसरली. "अहो, आपण साधी पोळी वाढताना तीनदा विचारतो!"

"पण तू नको म्हणालीस ना?"

"म्हणाले. म्हणजे काय मला नको होतं?"

दिगंबर सॉफ्टवेअरचा माणूस. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग जाऊन माग."

"मागू? तोंड वर करून?"

"आई, यू आर सो वीअर्ड," सोफ्यावरून वल्लरी म्हणाली. लेकीचं वय पंधरा, त्यामुळे तिला सगळंच वीअर्ड होतं.

तरी तीन दिवस शैलजानं आरशासमोर तालीम केली. 'मे आय' फार शाळकरी वाटलं, 'कुड आय' जरा बरं, 'वुड यू माइंड' म्हणताना श्वास पुरेना. बुधवारी सकाळी कणीक मळताना तिनं खिडकीतून पाहिलं, तर डोरोथीच्या दारात जुनं सामान नेणारा ट्रक उभा. सोफा चढला. दिवे चढले. मग एक जड खोकं निघालं. मशीन मस्ट बी इन दॅट!

ती तशीच धावली. पायात सपाता, कोपरापर्यंत कणीक. आणि वर्गातली पहिली विद्यार्थिनी भर रस्त्यात ओरडली, "डोरोथी! मशीन! माय मशीन!"

ट्रकवाल्यांनी खोकं खाली ठेवलं. डोरोथी चकित. "पण तू नको म्हणालीस. दोनदा."

"फर्स्ट नो इज मॅनर्स."

"आणि दुसरा?"

"सेकंड ऑल्सो मॅनर्स."

"मग खरा 'नो' कितवा?"

शैलजा थबकली. याचा विचार तिनं जन्मात केला नव्हता. "आय डोन्ट नो," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे तिथपर्यंत कुणी थांबतच नाही."

 डोरोथीनं खोक्याची एक बाजू धरली.

दोघींनी धापा टाकत ते शैलजाच्या स्वयंपाकघरात आणलं. शैलजानं हात धुऊन आधण ठेवलं आणि विचारलं, "वुड यू लाइक टी?"

"नो, नो," डोरोथी म्हणाली.

शैलजाला आता शहाणपण आलं होतं. "ओके," म्हणून तिनं गॅस बंद केला.

डोरोथी उठली नाही. खुर्चीत बसून ती पातेल्याकडे बघत होती.

"शैला," ती म्हणाली, "माझा दुसरा 'नो' अजून बाकी आहे."