हाताला विचार

कट् असा आवाज आला. इतका बारीक, की स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या बायकोला तो ऐकूही गेला नाही. काटेसाहेबांना मात्र गेला. त्यांनी बोल्टमधून अ‍ॅलन की ही सहाकोनी किल्ली काढली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि सायकलच्या पुढच्या दांडीवर ओणवे झाले. पकडीला लागून केसाएवढी रेघ होती. त्यांनी ती कपड्याने पुसली. गेली नाही. नखाने खरवडून पाहिली, तर नखाला काही लागलं की नाही हेच त्यांना कळेना.

'काटे' हे त्यांचं आडनाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. बोल्ट कुठवर कसायचा हे त्यांना मोजावं लागत नसे. दुसरे मोजायला बसत आणि आकडा ह्यांच्या हाताशी येऊन जुळे. म्हणून फोरमन त्यांना 'काटा' म्हणू लागला. मागाहून भरती झालेल्यांना ते आडनाव वाटलं, त्यांनी पुढे 'साहेब' जोडलं. एखाद्या नव्या फिटरने "अजून एक पीळ देऊ का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "मला काय विचारतोस? हाताला विचार."

निवृत्तीनंतर असा हात घरी बसून गंजलाच असता. तो लेकीच्या सायकलने वाचवला. तिशी उलटल्यावर लेक शर्यतींच्या नादी लागली. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. "एवढं मरमर करून पोचायचं कुठे, तर निघालो तिथेच," काटेसाहेब म्हणत. पण ती काळी, कार्बनची, दोन बोटांवर उचलली जाणारी सायकल घरी आली तेव्हा तिच्यासाठी बैठकीतला सोफा त्यांनीच बाहेर काढला. दर रविवारी ते तिला स्टँडवर चढवत. साखळीच्या कडीकडीला थेंबभर तेल देत, वरचं पुसून घेत आणि चाक फिरवून डोळे मिटून ऐकत बसत. गिअर बदलताना साखळी जराशी कुरकुरली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. लेकीने वाढदिवसाला एक खास पाना आणून दिला होता. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर पडला की तो टक् वाजून सांगतो. "मीठ काय मोजून घालतात?" असं म्हणून त्यांनी तो खोक्यासकट कपाटावर ठेवून दिला होता.

साखरेचं दुखणं जुनंच होतं. गेल्या सहा महिन्यांत आधी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि मग त्याही थांबल्या. काटेसाहेबांनी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उद्या शर्यत होती. ह्या शर्यतीत ठरलेली वेळ गाठली तर पुढच्या मोठ्या शर्यतीत जागा मिळणार होती. लेक वर्षभर त्याच एका वेळेच्या मागे होती. कोपरं टेकून वाकून बसायच्या ज्या दोन दांड्या पुढे असतात, त्या अर्धा सेंटीमीटर पुढे घ्यायला तिने सांगितलं होतं. काम तेवढंच. त्यातली डावी त्यांनी जास्त आवळली. लोखंड मरायच्या आधी सांगतं, हातात मऊ पडतं. कार्बन काही सांगत नाही. आणि सांगितलं असतं, तरी ऐकणारा हात आता राहिला नव्हता.

ते बराच वेळ रेघेकडे बघत बसले. दांडीला काळी पट्टी गुंडाळायचीच होती. दोन वेढे खाली घेतले की रेघ कोणाच्या बापाला दिसली नसती. त्यांनी पट्टीचं टोक सोडवलंसुद्धा.

तेवढ्यात लेक आली. पिशवी खुर्चीत टाकून तिने सायकलच्या सीटवर थाप मारली.

"झाली?"

"बघून घे एकदा."

"तुमचा हात लागल्यावर मी काय बघायचं? आता आंघोळ करते आणि आडवी होते. पहाटे निघायचंय."

ती आत वळली. उताराला ती किती वेगाने सुटते, हे त्यांनी एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं होतं. त्या वेळी सगळा भार ह्याच दांड्यांवर असतो.

"थांब," ते म्हणाले. "ही डावी दांडी घेऊन जाऊ नकोस. तडा गेलाय."

लेक परत आली. खाली बसून तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"कशाने? परवा सरावाहून आणताना आपटली का कुठे?"

आयती सबब समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताने गेलाय. जास्त आवळली."

"तुम्ही? तुम्हाला कळलं नाही?"

"आवाज ऐकला. हाताला नाही कळलं." मग त्यांनी दोन्ही पंजे मांडीवर उपडे ठेवले. "सहा महिने झाले. काहीच कळत नाही."

बायको केव्हाची दारात येऊन उभी होती.

"म्हणून शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेत होतात होय," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारपणी लाडात आलात."

लेक हसली नाही. उठली आणि माळ्यावरून जुन्या सायकलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या काढून आणल्या.

"त्या जड आहेत," काटेसाहेब म्हणाले. "तुझ्या मापाच्याही नाहीत. वेळ हुकेल."

"हुकली तर हुकली."

तिने कपाटावरचा खोका खाली घेतला, पाना बाहेर काढला, त्यावर पाचाचा आकडा लावला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तूच कस," ते म्हणाले.

तिने चारही बोल्ट कसले. ते शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते. तिसऱ्याला टक् वाजल्यावरही तिने जरासा पीळ दिला.

"वाजल्यावर थांबायचं," ते म्हणाले.

तिने तो बोल्ट सैल केला आणि पुन्हा कसला.

पहाटे ती गेली. रिकाम्या स्टँडखाली तेलाचे दोन थेंब पडले होते, ते त्यांनी पुसून काढले. शर्ट घातला. रोज ते बटणांशी झटापट करत बसत आणि बायकोच कंटाळून पुढे येई. आज ते स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बटणं लावून दे."

तिने गॅस बारीक केला. पदराला हात पुसून वरपासून खालपर्यंत बटणं लावली, मग बाहीचं लावायला मनगट हातात घेतलं.

"अहो, घट्ट होतंय का?"

ते आपल्या मनगटाकडे बघत राहिले.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "तुझ्या हाताला विचार."