चिंचमळा स्टेशनची हाक

मी एक जुनं, बंद पडलेलं स्टेशन आहे, मित्रांनो. निफाडजवळचं चिंचमळा. नाव ऐकलं नसेल तर जाऊ द्या. हल्ली गाड्यासुद्धा मला ओळख देत नाहीत.

एके काळी माझा काय तोरा होता! काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, फलाटावर द्राक्षांच्या पेट्या. छपराला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की आमचा पोर्टर कोंडाजी ती ठणाठणा बडवायचा. रुळांपलीकडच्या मळ्यात जाणाऱ्या बायका घंटा ऐकून थांबायच्या. घंटा नाही म्हणजे गाडी नाही, हे साऱ्या गावाच्या अंगवळणी पडलं होतं.

१९७८ साली मला कुलूप लागलं. उतारू कमी, म्हणाले. घंटा काढून नेली आणि कोंडाजीची बदली नाशिक रोडला झाली. जाताना त्याने शेजारच्या सखुबाईला बजावलं, "वहिनी, आता घंटा नाय व्हनार. गाड्या मातर जानारच. डोळ्यानं बघून जात जा."

"कळतंय की भाऊजी!" सखुबाई म्हणाली.

कळतंय कसलं! पालथ्या घड्यावर पाणी. ती आपली रोज माझ्या फलाटाशी यायची, कान द्यायची आणि रूळ ओलांडायची. पूर्वी वाफेचं इंजिन निदान लांबून धापा टाकत यायचं. आता विजेचं आलंय. मेलं मांजरासारखं येतं. एकदा तिची शेळी सापडली गाडीखाली. गाव म्हणालं, "तिचं आयुक्षच तेवढं व्हतं." असा संताप आला मला!

पुढे सखुबाईची सून आली, वत्सला, एकलहऱ्याची. पोरगी शहाणी. रुळाशी थांबून दोन्हीकडे बघायची. बाकीच्या बायका खो खो हसायच्या. सासू म्हणायची, "कान हायेत ना तुला? काय वाजतंय का? मंग चल की! लय भित्री बाई तू."

वत्सला ओशाळायची. हळूहळू तिने बघणं सोडलं. माझ्या काळजात तेव्हाच चर्र झालं होतं.

आज धुकं दाट आहे. वत्सला मळ्याकडे निघाली आहे. डोक्यावर भाकरीची पाटी, कडेवर तान्ही लेक. पाटीमुळे मान वळत नाही. ती माझ्या फलाटाशी आली. थांबली. सासूसारखाच कान दिला. काही वाजलं नाही, आणि वाजवणार तरी कोण? इकडे माझ्या पायाचे दगड थरथरू लागलेत. निफाडकडून गाडी येते आहे, आणि ही बाई रुळांत उतरते आहे.

मित्रांनो, जुन्या वास्तू जपा वगैरे मी नंतर कधीतरी सांगेन. माझ्या कौलांचं काय व्हायचं ते होवो. तुमच्यात कुणाचा आवाज मोठा आहे? तिला हाक मारा. "वत्सला, बघ!" एवढंच ओरडा. अरे, लवकर ओरडा!