तीन मचाणं आणि एक जर्दाळू

इथे ऑस्ट्रेलियात, गोलबर्न गावाच्या पलीकडे आमची डोंगरउतारावर थोडी जमीन आहे. आमची म्हणजे तिघांची: माझा नवरा अवधूत, त्याचा पुण्याचा कॉलेजमित्र मुरलीधर, जो दूर पश्चिमेला कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर आहे, आणि सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरातला चंद्रहास. घेताना तिघांनी पुष्कळ स्वप्नं पाहिली होती. प्रत्यक्षात तिथे पत्र्याची एक शेड, ब्लॅकबेरीचं काटेरी रान आणि हरणं आहेत.

मी तिथे डझनभर जर्दाळू लावले होते. हरणांनी एकेकाची साल सोलून काढली आणि झाडं वाळत गेली. शेवटी एकच झाड उरलं, नेमकं बाबांनी लावलेलं. बाबा नाशिकहून आले होते तेव्हाची गोष्ट. जन्मभर सुके जर्दाळू खाल्लेला माणूस, त्याचं रोप हातात घेऊन हरखून गेला होता. खड्डा स्वतः खणला, पाणी घातलं आणि अवधूतला म्हणाले, "जावईबापू, याला तेवढं कुंपण घाला."

अवधूत म्हणाला, "नो वरीज, बाबा."

पुढच्या वर्षी बाबा गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. म्हणून ते झाड मला जगायला हवं होतं.

पण कुंपणाचा विषय कोणालाच रंगतदार वाटेना. चार खांब आणि जाळी, त्यात पराक्रम तो कसला? शिकार म्हटल्यावर मात्र तिघांच्या अंगात वीरश्री संचारली. कोर्स झाले, लायसन्स आली, रायफली आल्या, चट्ट्यापट्ट्यांच्या पॅंटीही आल्या. चंद्रहासच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजतं, हे आपलं जाता जाता सांगितलं.

मग मचाणांसाठी जागा शोधणं सुरू झालं. जमीन खरंच अवघड. सकाळी वारा घळीत उतरतो, दुपारी उलटा वर चढतो, आणि माणसाचा वास लागला की हरीण फिरकत नाही. उत्तरेच्या टेकाडामागे शेजाऱ्यांचं घर, त्यामुळे तिकडे गोळी नाही. शिवाय हरणाच्या मागे मातीचा चढ हवा आणि माणूस नको, हा कोर्समधला पहिला धडा. अवधूत ऑफिसात सॉफ्टवेअरचे आराखडे करतो. त्याने इथेही रंगीत नकाशा केला, वाऱ्याचे बाण काढले. हरणं झाडाशीच येतात, तेव्हा प्रत्येकाला झाड समोर दिसेल अशी जागा हवी होती. भागीदारी समान, तर दर्शनही समान. एकेकाने आपापली जागा निवडली, तिथे एकट्याने उभं राहून वारा बघितला, मागचा चढ बघितला. मग तिघांनी एकमेकांच्या जागांचं तोंड भरून कौतुक केलं. माझ्याकडे थालीपिठांचं खातं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपार कलताना, तिघे मचाणांवर चढले. मी शेडच्या खिडकीत बसले. थोड्या वेळाने ब्लॅकबेरीतून एक शिंगाळा नर निघाला, सासुरवाडीला आल्यासारखा रमतगमत झाडापाशी गेला आणि बाबांच्या जर्दाळूवर शिंगं घासायला लागला.

मी बार ऐकायला कानात बोटं घालून बसले. बार होईना. साल लोंबायला लागली तरी होईना. अवधूत रायफल उचलायचा आणि खाली ठेवायचा. चंद्रहास त्याला हातवारे करत होता, "तू मार, तू मार." माझा संयम संपला. परात आणि उलथनं घेतलं आणि बडवत, ओरडत सरळ झाडाकडे धावले. हरीण दोन उड्यांत दिसेनासं झालं.

अवधूत धापा टाकत खाली आला. "वेडी आहेस का मंजिरी? तीन रायफलींच्या मधे येतेस?"

"म्हणूनच आले. इतका वेळ एकही वाजली नाही."

मग उलगडा झाला. अवधूतच्या नेमाच्या रेषेत हरणामागे चंद्रहासचं मचाण होतं. चंद्रहासच्या नेमात अवधूतचं. आणि मुरलीधरच्या नेमात होती शेड, खिडकीत बसलेल्या माझ्यासकट.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं रे," मुरलीधर म्हणाला. "पण चंद्रहास त्या जागेवर किती खूश होता. त्याला वाईट वाटलं असतं."

चंद्रहासच्याही ते लक्षात आलं होतं. पण अवधूतने नकाशासाठी एवढी मेहनत घेतलेली, कसं बोलायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या रानात अशी जोडीने नांदत होती.

मी झाडाशी बसले. एका बाजूची साल पार गेली होती, दुसऱ्या बाजूची शाबूत होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि तिघांना सांगितलं, "मचाणं उतरवा. आत्ता."

कोणाला वाईट वाटेल याचा मी विचार केला नाही. तिघांनी मुकाट्याने फळ्या सोडवल्या, खांब वाहून आणले. जाळी शेडमागे होतीच, बाबा असतानाच आणलेली, गुंडाळी न सोडलेली. खड्डे अवधूतने खणले.

शेवटचा खांब रोवताना तो थांबला. "बाबांनी हेच सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "आणि तू नो वरीज म्हणालास."

त्याने खांब दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि आणखी माती दाबायला लागला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.