चार इंच

मावशीला आता आकडे लक्षात राहत नाहीत, असा निकाल घरात लागून गेला होता. निकाल देणारा तिचाच मुलगा, आमचा दादा. पुरावा म्हणून चाळीस शर्ट होते, सगळ्यांच्या बाह्या चार इंच लांब.

मावशी शर्टांच्या कारखान्याला मापं काढून देते. तीस वर्षं झाली. मापं आधी वहीत लिहायची, मग कॉम्प्युटरवर साध्या फाइलीत टाइप करायची आणि फाइल पाठवायची. तिकडे कापड कापतात ते फाइल बघून. या वेळी एकवीसची बाही फाइलीत पंचवीस होती. मालकाने फोन केला, "ताई, आता आराम करा. सोमवारपासून दुसरी बाई येतेय."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉम्प्युटर मध्येच निळा पडून बंद होतो, एवढ्याचसाठी मला बोलावलं. मी तिच्या बहिणीची मुलगी, दुरुस्तीचं काम करते.

"कशाला उघडतेस?" दादा दारातूनच म्हणाला. "बारा वर्षांचं धूड आहे. फेकून दे."

"धूड बारा वर्षांचं, तू बेचाळीसचा. आधी कुणाला फेकू?"

मावशी खुर्चीत बसून होती. हसली नाही. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. तिने हळूच सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "बये, खरं सांग. माणसाला आपलं आपल्याला कळतं का गं, डोकं चालेनासं झालंय ते?"

मी पेचकस हातात घेतला. माहीत नसलेल्या गोष्टीचं गोड उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो.

वायर काढली, झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. ब्रशने ती झाडली. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या होत्या. खिटी दाबून दोन्ही काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवल्या. निम्म्या मशिनांचं दुखणं एवढ्यावर जातं. याचं गेलं नाही. दहा मिनिटांत पडदा निळा.

मग पेनड्राइव्हवरून मेमरीची तपासणी लावली. ती रॅमच्या प्रत्येक जागी काहीतरी लिहिते आणि परत वाचून बघते, लिहिलं तेच मिळतंय का. थोड्या वेळाने लाल ओळी यायला लागल्या. मशीन बंद केलं, एकच पट्टी ठेवली. तपासणी पूर्ण झाली, एकही लाल ओळ नाही. ती काढून दुसरी लावली. लाल. तिची जागा बदलली, तरी लाल. म्हणजे पट्टी बसते ती खाच ठीक, पट्टीच नासलेली.

तोवर दुपार कलली होती. मी चहा पीत त्या ओळींकडे बघत होते. लिहिलेल्यात आणि वाचलेल्यात फरक किती, याचा एक रकाना असतो. प्रत्येक ओळीत तिथे चार.

"मावशी, वही आण."

वही आणि फाइल शेजारी शेजारी ठेवली. बाही वहीत एकवीस, फाइलीत पंचवीस. कंबर बत्तीस, फाइलीत छत्तीस. कॉलर तेरा, फाइलीत सतरा. एका ठिकाणी अठ्ठावीसमधला आठच गायब, त्याच्या जागी उघड्या चोचीसारखं चिन्ह.

"ते माझ्या बोटाने पडलं असेल असं वाटलं मला," मावशी म्हणाली.

"बोटाने नाही. या पट्टीतली एक बारीकशी जागा कायम भरलेलीच राहते, रिकामी ठेवली तरी. तिची किंमत चार. जो अंक नेमका तिच्यावर पडतो तोच बिघडतो. एकचा पाच होतो, दोनचा सहा, तीनचा सात. आठवर चार चढले की आकडाच उरत नाही, भलतं चिन्ह येतं. माणूस चुकला तर कसाही चुकतो, मावशी. दर वेळी मोजून चारने नाही."

दादा वाकून बघायला लागला. मला हवी होती ती शरम त्याच्या तोंडावर आली, पण बोलला तो वेगळंच, "मग सगळ्या चुका मशिनच्याच?"

मी मोजल्या. सहा. आणि सातवी दिसली. खांदा वहीत सोळा, फाइलीत एकोणीस. फरक तीनचा. मशीन हे करूच शकत नव्हतं.

मी पान उलटायला हात पुढे केला. लबाडी होती, कबूल. मावशीने माझ्या हातावर टेपचं टोक आपटलं.

"थांब. हा घोळ माझा आहे."

"मावशी, एक तर—"

"एक असो की अर्धा. माझा तो माझा."

तिने तिथूनच मालकाला फोन लावला. "सात चुका आहेत. सहा मशिनच्या, ती पट्टी काढून टाकली. एक माझी. शर्टांच्या बाह्या मशिनने लांबवल्या, खांदा मी वाढवला. दुसरी बाई ठेवायची तर खुशाल ठेवा. पण मी विसरायला लागले म्हणून ठेवली, असं कुणाला सांगायचं नाही."

पलीकडून आवाज आला, "ताई, खांदा आमच्या कटिंग मास्तरलाही खटकला नाही. त्या बाईला मी नाही म्हणून कळवतो. सोमवारी लहान मुलांचे शर्ट आहेत. फाइलीबरोबर वहीच्या पानाचा फोटोही पाठवत जा."

"पाठवीन," म्हणून तिने फोन ठेवला. मालकाचे आभार मानले नाहीत. कशाला मानायचे?

मी झाकण लावलं. दादा पुटपुटला, "एका पट्टीवर हळू चालेल हे."

"मला घाई नाही," मावशी म्हणाली. "ये, बस इथे. आता प्रत्येक फाइल पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाईल. तू पडद्यावरचं वाच, मी वहीत बघते."

दादा मुकाट बसला. पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याला म्हणाला, "छाती अडतीस."

मावशीने वहीतून मान वर केली. मी पडद्याकडे बघितलं. तिथे छत्तीसच होते.

"चष्मा लाव, बाबा," मावशी म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.